पाला कडू लागला का

मंगळवार, आखाड, १९६२. सांज.

शाळेतल्या बाईंना काय जातंय वही द्यायला! म्हणं, "मावशी, तारा बोलत नाही तर लिहू दे." माझी थोरली कमळ गेल्यापास्नं वरीस झालं, ह्या धाकट्या पोरीनं तोंड उघडलं न्हाई, आन् आज बाई सांगत्यात, "फार छान गोष्ट लिहिलीय हो!"

गोष्ट! मी बोट ठेवून ठेवून वाचली. दोन बहिणी, भाताच्या आवणीचा चिखल, थोरलीच्या पायाला जनावर डसतं. आमच्या कमळचंच हाय सगळं.

गेल्या साली तिला जनावर डसलं, तवा मी तिला कडुलिंबाचा पाला चावायला दिला. गोड लागला तर इख चढलं, कडू लागला तर भ्या न्हाई, असं आमच्यात बघत्यात. कमळ म्हणाली, "कडू लागतोय, आये." मी परत आवणीला वाकले. लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलंच न्हाई. दिस बुडायच्या आत पोर गेली.

आन् तारी लिहिते, थोरली धाकटीच्या कानात म्हणते, "गोड लागला गं. आयेला सांगू नको, आवणी ऱ्हाईल."

दुपारपास्नं तोच पाला चावतीय मी. मेला कडूच लागतोय.

बाईंना विचारलं, हे खरं का? "मावशी, गोष्टीत सगळं खरं नसतं." मग काय खरं असतं? का पोरीनं वरीसभर एकटीनं हे पोटात ठेवलं?

तारे, तुझ्याच वहीच्या मागल्या पानावर लिहितीय. चुकलं ते माजं, तुला मारणार न्हाई. ती खरंच गोड म्हणाली, का तू रचलंस? खाली जागा सोडलीया. नागपंचमीच्या आत लिही.