मधल्या भिंतीतला पाइप

८ जुलै, मंगळवार

धड! धडधड — धड!

जेवण झालं, भांडी झाली, डोळा लागतो न लागतो तोच. वाटलं, भिंतीच्या आत कोणी लोखंडी पलंग सरकवतंय. पलंग कुठला! पाइप. पलीकडे कौसाबाईंनी मोरीतला नळ बंद केला, त्याचा हा नगारा.

चार वर्षांपूर्वी हे घर मधोमध चिरलं. दोन भाऊ — आमचे हे आणि थोरले गिरधरभाऊ. पंच बसले, चहा पिऊन पिऊन वाटण्या केल्या. शेत, गोठा, तांब्याचे हंडे. पाटा आमच्याकडे, वरवंटा त्यांच्याकडे! ‘दोन नग शेतस, एक-एक ल्या.’ पंचांपैकी कोणी जन्मात पुरण वाटलं नव्हतं, हे उघडच आहे. तेव्हापासून आमचा पाटा मोरीच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसलाय आणि त्यांचा वरवंटा म्हणे दाराला लावायच्या कामी येतो.

मग मधे भिंत उठली. वाटणीतून सुटल्या दोनच गोष्टी — मांजर आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकी एक, खाली उतरणारा जुना लोखंडी पाइप एक, आणि गवंड्याने भिंत बांधली ती नेमकी त्या पाइपाला पोटात घेऊन. दोन्ही मोऱ्यांना पाणी त्याचंच.

कौसाबाई आणि मी, सख्ख्या जावा. बोलणं बंद. पाइपाचं सुरू.

९ जुलै

आजही. त्याच वेळेला.

११ जुलै, शुक्रवार

याचं मूळ सापडलं. मे महिन्यात त्यांचा भाग्येश सुरतेहून आला तेव्हा त्याने आईला नवा नळ बसवून दिला. दांड्याचा. वर केला चालू, खाली केला बंद. कौसाबाईंकडे बसला म्हटल्यावर आठ दिवसांत आमच्याकडेही बसलाच! दोन्हीकडे एकाच ठिकाणचा, एकाच मापाचा. वैर असावं तर असं — रंगसंगती बिघडत नाही.

जुना नळ फिरवत फिरवत बंद व्हायचा, पाण्याला थांबायला वेळ मिळायचा. हा खटकन. पाणी बिचारं भरधाव येतं आणि तोंडावर दार आपटतं. ते चिडून पाइपालाच लाथा घालतं. मला त्याचं म्हणणं पटतं.

दुपारी अर्धवट झोपेत कैलासवासी सासरे दिसले. भिंतीच्या आतून काठी टेकत चाललेले. ठक. ठक. आंघोळीला. मी झटकन डोक्यावर पदर घ्यायला गेले — गाऊनला पदर नसतो! तो सापडेपर्यंत सासरे पलीकडच्या घरात निघून गेले.

१३ जुलै, रविवार

हे नंदुरबारला नोकरीला, त्यामुळे पाइप यांना फक्त रविवारी भेटतो. आज भेटला. पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘वाटनी व्हयनी ना? मंग पानी का बरं एक?’

मी म्हटलं, नळवाल्याला बोलवा, आवाज थांबला म्हणजे झालं.

‘आवाज नही, लाइनच येगळी करी टाकू. कायमनं.’

कायमनं! या माणसाने कायमचं असं आयुष्यात एकच काम केलं, माझ्याशी लग्न. तेही आजीने दटावलं म्हणून.

१५ जुलै

ललित आला. गल्लीतलाच नळवाला; हातात पाना, कानात मोबाइल. पाइपाला कान लावून डॉक्टरसारखा गंभीर झाला.

‘काकू, हवा शे. हवा अडकेल शे.’

हवा काढली. वर जाऊन टोपण उघडलं, खाली येऊन नळ सोडला, पाण्याने शिट्टी मारली, ललितने चहा मारला. आणि दुपारी — धड! पूर्वीपेक्षा स्वच्छ. पूर्वी पाइप घसा बसल्यासारखा वाजायचा. आता त्याचा घसा मोकळा झाला.

१७ जुलै, गुरुवार

ललितचा दुसरा उपाय. मोटरसायकलच्या ट्यूबचे तुकडे पाइपाखाली घालून वर पट्ट्या ठोकल्या. जेवढा पाइप बाहेर दिसतो तेवढा गप्प झाला. उरलेला भिंतीत.

‘भिंत फोडाशिवाय जमाव नही, काकू.’

मग तो पलीकडे जाऊन आला. आल्यावर हसत होता. कौसाबाई त्याला म्हणाल्या म्हणे, ‘वाजू दे ना रे. घरमा काहीतरी वाजाले जोयजे.’

आणि वर ललितनेच सांगितलं, ‘त्यासना घरमा बी तुमनाच आवाज येस. तुम्ही नळ बंद करा का तिकडे भिंत ठोकस.’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! म्हणजे मी भांडी कधी घासते, पाय कधी धुते, दुपारी झोप नाही म्हणून दुसऱ्यांदा तोंड धुवायला कधी उठते — सगळं त्यांना ऐकू जात होतं.

घर भर दुपारी रिकामं. हे नोकरीवर, लेक रुचिका पुण्यात. पलीकडेही तसंच. गिरधरभाऊ मिरचीची रोपं लावायला शेतात, भाग्येश सुरतेत. एका भिंतीला दोन बाया पाठ लावून बसलेल्या.

१८ जुलै

आज नळ जरा जोरात बंद केला. सहज.

थोड्या वेळाने तिकडून — धड!

१९ जुलै, शनिवार

मी दोनदा. तिकडून दोनदा.

छे! योगायोग. खरकटी भांडी असतील.

२० जुलै

योगायोग नव्हे. रविवार असून, हे घरात असून, तिकडून तीनदा! हे ओरडले, ‘दखा! मुद्दाम करी ऱ्हायनात.’ मी तोंडात पदर कोंबला. (आज साडी होती.)

२२ जुलै, मंगळवार

दुपारी पडल्या पडल्या ऐकत राहते. झोपही नाही, जागही नाही, मधलंच काहीतरी. पाइपात पाणी उतरतं तेव्हा आधी बारीक सुस्कारा येतो, मग गुणगुण, मग धड. आज त्या गुणगुणीत जुनं स्वयंपाकघर उघडलं. आता जिथे भिंत आहे तिथे तेव्हा चूल होती.

मी नवी सून. सासरे ओसरीवर, दिवसभर. सुनांनी आवाज चढवायचा नाही, एकमेकींना हाकही मारायची नाही. मी मागच्या अंगणात असले की कौसाबाई वरवंटा पाट्याच्या कडेवर वाजवायच्या. ठक-ठक. थांबून — ठक. म्हणजे: ये, पुरण शिजलं. सासऱ्यांना वाटायचं, बाया कामाला लागल्या. आम्ही तर गप्पांना लागलेल्या असायचो. पुरण मी वाटायची, वेलदोडा त्या घालायच्या, आणि गोळा चाखायला दोघी. चाखून चाखून एका रोटाचं, म्हणजे कानबाईच्या मोठ्या पुरणपोळीचं, पुरण कमी पडायचं, तेव्हा मांजरीचं नाव.

डोळे उघडले तर समोर नऊ इंची भिंत, तिच्यावर सोसायटीचं कॅलेंडर.

२४ जुलै, गुरुवार

यांनी काळी टाकी आणली! नंदुरबारहून, टेम्पोत. अंगणात उतरवली तेव्हा सगळी गल्ली दर्शनाला. कोणी म्हणालं, किती पाणी मावेल; हे म्हणाले, ‘आपलं पुरतं.’

आपलं पुरतं.

पुढच्या आठवड्यात कानबाई, आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. आमच्याकडे शनिवारी रोट, रविवारी देवी बसते. रोट भाऊबंदांनी एका चुलीवर करायचे, एका पंगतीत खायचे, बाहेरच्याला घास द्यायचा नाही — रीतच तशी. देवी थोरल्याकडे, म्हणून ती पलीकडे. आमचे रोट तीन वर्षं वेगळे. पुरण मिक्सरमध्ये वाटते. मिक्सर ओरडतो, मी गप्प. मिक्सरचं पुरण गुळगुळीत होतं आणि चवीला परकं लागतं.

आता पाइपही गेला तर या दोन घरांत सामायिक उरलं काय? मांजर! आणि ती कोणाचीच नाही.

यांना म्हटलं, कशाला खर्च, वाजतोय तर वाजू द्या.

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देशद्रोह केला. ‘तूच ते रडी ऱ्हायंती ना, झोप लागत नही म्हनून?’

खरं होतं. जिभेने अख्खं गाव सोलते, तेच लिहून पाठवलं की दिवाळी अंकवाले मानधन देतात. आणि घरातल्या एका वाक्यावर चहा टाकायला उठले.

२७ जुलै, रविवार

स्वप्न. तापी आमच्या घरातून वाहतेय. संथ, गढूळ, गुडघाभर. भिंत अजून आहे पण खालून पाणी आरपार जातंय. पितळी पातेली, पाट, माझं पुस्तक, कौसाबाईंची पेटी — सगळं हळूहळू इकडून तिकडे, तिकडून इकडे. कोणाचं काय, कोणी विचारत नाही. पंच हंड्यांवर बसून वाहत चालले होते. मला फार बरं वाटत होतं.

यांनी उठवलं. ‘मंगळवारले ललित ई ऱ्हायना. मी सुट्टी टाकेल शे.’

२९ जुलै, मंगळवार

ललित आला, करवत काढली, पाइपाला लावली. तेवढ्यात गच्चीवरून आवाज. कौसाबाई! चार वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून. बोलत होत्या मांजरीशी.

‘आज नागपंचमी शे, माय! आज काही कापतस का? चिरतस का? लोकेसले समजत नही, तुले समजस ना?’

मांजर म्हणाली, म्याँव.

ललितने करवत पिशवीत टाकली. ‘काकू, माले बी पोरंसोरं शेतस.’ गेला!

हे धुसफुसत बसले. मला मांजरीला दूध घालावंसं वाटलं. घातलं.

दुपारी नळ बंद केला, बेताने. तिकडूनही बेताने. पाइप नुसता हुंकारला.

३१ जुलै, गुरुवार

कापला.

नवी लाइन भिंतीच्या बाहेरून, पांढरी, प्लास्टिकची. त्यांच्यासाठी गच्चीवरच्या जुन्या टाकीतून दुसरा फाटा काढून दिला. आतला लोखंडी तसाच. दोन्हीकडे त्याचं वीतभर तोंड बाहेर, बूच मारून. मी विचारलं, हा काढायचा नाही? ललित म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या. हाऊ काढाले गयात ते भिंत बी ई जाई.’ पाइपाबरोबर भिंतही येईल म्हणे!

संध्याकाळी यांनी नळ उघडला, बंद केला, उघडला, बंद केला. ‘दख, आवाज शे का?’

नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी झोप नाही. पाल चुकचुकली तरी दचकते. पलीकडे कोणी राहतं की नाही, कळायला मार्ग नाही. भांडी झाली का त्यांची? जेवल्या का?

नळ दणकून बंद केला. फुस्स. प्लास्टिक! त्याला ना राग, ना लोभ.

उद्याची डाळ निवडून ठेवली. मिक्सर पुसला.

२ ऑगस्ट, शनिवार

डाळ शिजली, मिक्सरचं भांडं लावायला वाकले, आणि भिंतीतून —

ठक-ठक.

थांबून — ठक.

रोटांसाठी सुट्टी घेतलेले हे पेपराआडून, ‘पाइप ते कापेल शे ना? पानी कोठून वाजी ऱ्हायनं?’

पाणी नव्हतं. दगड होता. लोखंडावर दगड.

पाटा कोपऱ्यातून काढला, घासला, धुतला. यांना म्हटलं, एकटीला उचलत नाही, एक कड धरा. यांनी विचारलं, कुठे न्यायचाय? मी सांगितलं. पेपराची घडी करायला यांनी फार वेळ लावला. पण केली.

पाटा दारात उभा आहे. निथळला की निघतो.