कोऱ्या डब्याचं खरं

आधी आली ती रूपल. रामनिवासशेटची नातसून. शेटची सरकी पूर्वी जालन्याच्या मालधक्क्यावरून जायची, तेव्हापासूनची ओळख. तिच्या मागून तिचा नवरा नमन, आणि त्याच्या मागून पुण्याचे दोन चष्मेवाले, जे लहान आगगाड्यांचं प्रदर्शन भरवतात. बुधवारी आल्ते. त्यांच्यापुढं मी जे बोलले त्यासाठी हा मृत्युपत्राचा कागद करून राह्यले, म्हणून ते आधी सांगितलं.

मी साळूबाई कारभारी शेजूळ, वय शहात्तर, राहणार जालना, शिकलेली दुसरी. डोकं ठिकाणावर आहे, डोळा एकच बराबर चालतो. कोणाचा धाक न्हाई. भागवत म्हणाला, "माय, अंबडच्या वकिलाकडून लिहून घेऊ." पण वकील डब्यांचं कलम गाळील, म्हणून माझ्या हातानं लिहिते.

कलम एक. दोन खोल्या आणि अंगण मुलगा भागवत याला. अंगणातला लिंब तोडायचा न्हाई. गाडी लावायला जागा कमी पडली तर गाडी लहान घ्यावी.

कलम दोन. सोन्याचे मणी आणि तांब्याचं घंगाळ शहागडच्या दैवशालाला, म्हणजे माझ्या लेकीला. घंगाळ सध्या सून मीनाकडं आहे. मीना गुणाची आहे, पण नेलेलं भांडं तिच्या ध्यानात राहत न्हाई. आता लेखी झालं.

कलम तीन, डबे. आमचे मालक मालधक्क्यावर होते. भरलेल्या वॅगनवर खडूनं लिहायचं त्यांचं काम. कुठं जायची, कधी भरली, दार तुटकं असलं तर फुली. रिटायर झाल्यावर पत्रा आणि सागाच्या चिपा घेऊन त्यांनी मालगाडीचे वीतभर लांबीचे बारा डबे केले. खडू लावायला बसले की मी भाजी निवडायची सोडून बघायची. खडू फरशीवर घासून सुईसारखा करायचे. 'परतूर' लिहायचे, अंगठ्यानं अर्धं पुसायचे, वरून 'मनमाड' लिहायचे. पावसाचे ओघळ ओल्या काडीनं.

मी म्हणायची, "पुसायचंच तर लिहिता कशाला?"

"साळू, वॅगन काय एकाच गावाला जाती का?"

"मंग रंगानं लिहा, टिकंल तरी."

"रंगानं लिहिलं की दुकानाची पाटी होती."

दैवशालाच्या पोरीला बघायला आमच्याकडं पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी माझी जाऊ चांगुणाबाई येऊन म्हणाली, "फळीवर हे काय मळकं मांडलंय? पाहुणे म्हणतील, घरात बाई हाये का न्हाई." मला लागलं. मालक केस कापायला गेल्ते. सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवून मी अकरा डबे धुतले. बाराव्याचं चाक निखळलं होतं, तो पेटीत होता म्हणून वाचला.

मालक आले. फळीकडं बघितलं. "लख्ख झाले," म्हणाले, आणि चहा मागितला. त्यानंतर त्यांनी खडू हातात धरला न्हाई. दोन वर्षांनी गेले. दोन वर्षं रोज त्यांना ताट वाढलं, पण माझं चुकलं एवढं मी म्हणाले न्हाई. वाटायचं, खडूच तर हाये, लिहितील परत.

ते गेल्यावर पेटीतला डबा काढला. त्यांचं अक्षर बघून बघून पाटीवर गिरवलं. खडू भागवतची पोरगी साक्षी आणून द्यायची. चार वर्षांत दहा डबे पुन्हा लिहिले. एका 'परतूर'चा प तर असा उतरला की मी एकटीच हसत बसले, जसे तेच लिहून उठलेत. अकराव्यावर काय होतं ते काही केल्या आठवलं न्हाई. खोटं गाव लिहायला हात धजला न्हाई. तो कोरा राहिला.

बुधवारी पुण्याच्या माणसांनी एकेक डबा दोन बोटांत धरून भिंगातून बघितला. "आजोबांचा हात काय होता," म्हणाले. मला इतका आनंद झाला की दोनदा चहा केला. मंग नमननं कोरा डबा उचलला. "आजी, हा आजोबांकडून राहून गेला का?"

मी म्हणाले, "हो. त्यांनी कंटाळा केला."

चार माणसांपुढं म्हणाले. ज्या माणसानं तापात उठून जाऊन वॅगनी लिहिल्या, त्याच्या माथी मी कंटाळा मारला.

तर बाराही डबे साक्षीला. ती हात लावायच्या आधी विचारते. धूळ तोंडानं फुंकावी, फडकं बिलकुल न्हाई. कोऱ्यावर कोणी काही लिहू नये. प्रदर्शनाला द्यावेत, पण खाली चिठ्ठी लावावी ती अशी: डबे कारभारी शेजूळ यांनी केले. एकावर त्यांचं अक्षर आहे. बाकीचं त्यांच्या बायकोनं धुतलं. दहांवर तिनं परत लिहिलं. कोरा आहे तो तिच्यामुळं.

कलम चार. चांगुणाबाईला माझं निळं लुगडं. लई वर्षं तिच्याशी धड बोलले न्हाई. पण फडकं माझ्या हातात होतं.

साक्षीदार संपत घुगे मालकांच्या बरोबर धक्क्यावर होते. सही करायच्या आधी कलम तीन वाचून ते म्हणाले, "वहिनी, हा कागद तुम्ही गेल्यावर वाचत्याल. तवर कारभारीदादा आळशीच का?"

म्हणून एवढं वाढवलं: कलम तीन मी जिवंतपणी, बुधवारच्या पाहुण्यांपुढं, स्वतः वाचून दाखवीन.

सही: साळूबाई कारभारी शेजूळ
साक्षीदार: संपत घुगे, वसंता लहाने
जालना, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

पाहुणे डबे न्यायला रविवारी, २३ तारखेला, येतो म्हणून गेलेत.