रिकामी तुळई

टोवरपिन,

आज रविवार, राबाउलचं पोस्ट बंद. ही चिठ्ठी जायची नाही, पण भ्याले की तुझ्याशीच बोलावंसं वाटतं.

पहाटेपासून जमीन हलतेय. आपल्या इयारुमाला पिशवीत घालून तुळईला टांगते ना, ती पिशवी हात न लावता झुलतेय. तुझी आई हसली. "डोंगरच नातीला झोका देतोय, तुझे हात तरी मोकळे झाले! दहा वर्षांमागं असंच हललं, सगळे पळाले. ज्वालामुखी फुटला काय? नाही!"

दुपारी टेकडीवरच्या भूकंप-ऑफिसातला माणूस आला. म्हणाला, "यंत्राची सुई थांबतच नाही. खालून काहीतरी वर येतंय. निघा."

"तुमची सुई तेव्हापण नाचत होती," आई म्हणाली.

पण तो गेल्यावर ती पिशवीकडेच बघत बसली. बराच वेळ. मग हळूच म्हणाली, "तेव्हा माझी धाकटी याच पिशवीत होती. झोका मधे मधे थांबायचा. हा थांबेना गं. चल, पोरीला उतरव."

आम्ही कोकोपोच्या रस्त्याला लागतोय. पोरीला दात आलाय, तुला दाखवायचा राहिला. बोटीवरून आलास की तू आधी तुळईकडेच बघतोस. घर राहिलंच, तर तिथं पिशवी नसेल. घाबरू नको. पिशवी माझ्या खांद्याला आहे, पोर आत आहे, आणि ही चिठ्ठी तिच्या उशाला.

लवकर ये रे.

तुझी,
इयातिनुत