झडप उलटी उघडत नाही

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला थांबला का?

कुणी वाचून शिकतं, कुणी गाऊन, कुणी नाचून. म्हणून आज मी वर्गात खडूने फरशीभर हृदय काढलं. मुलं रक्त होऊन दाराबाहेर वाहत होती. जीवशास्त्राच्या तासाला रोज पोट दुखणारी मुलगी झडप होऊन दारात उभी होती. तेवढ्यात मुख्याध्यापक आत येऊ लागले. तिने हात आडवे केले.

"सर, इकडून फक्त बाहेर. झडप उलटी उघडत नाही!"

वर्ग हसला, ते नाही. "बाई, उद्या ऑफिसात भेटा."

माझी नोकरी अजून कायम नाही. उद्याची भीती वाटते. आईला सांगू नका.

जाताना ती मुलगी म्हणाली, "बाई, उद्याही मीच झडप ना?"

मी हो म्हणून बसले आहे.

तुमची,
धाकटी