मुद्देमालातले बूट

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! कोर्टाच्या मुद्देमाल खोलीची राखणदार आता मी. खटल्यांतले सुरे, कपडे, कुलपं, सगळं माझ्या ताब्यात. मागच्या गल्लीत खोलीही घेतलीय. एक खिडकी, एक शेगडी आणि स्वतःची किल्ली! दादा-वहिनीकडे इतकी वर्षं काढली, पण कडी लावून बसायचं ते फक्त न्हाणीघरात. आता नवरा नाही, सासू नाही, भाजीत मीठ कमी म्हणणारं कुणी नाही. वहिनी म्हणाली, महिन्यात परत येशील. बघूच.

५ तारीख, बुधवार
निवृत्त होणारे कारकूनकाका काम समजावून गेले. वस्तू कापडात शिवायची, गाठीवर लाख वितळवून मोहोर उमटवायची. कोर्टात गाठोडं उघडलं की तिथंच, सगळ्यांसमोर पुन्हा लाख. चहानंतर लावू, असंसुद्धा नाही. इतकं बजावलं, की मला हसूच आलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?
सध्या गाजतोय तो नवऱ्याला ठार मारणाऱ्या बाईचा खटला. तिचा बत्ता आणि त्याचे बूट माझ्याच फळीवर आहेत.

१० तारीख, सोमवार
आज ती बाई पाहिली. माझ्याच वयाची, केस नीट विंचरलेले. शांतपणे म्हणाली, सरकारी वकील खोटं सांगताहेत, मी त्याला एकदा नाही, तीनदा मारलं. दोनदा तो उठला, बूट घालून बाहेर गेला आणि संध्याकाळी जेवायला परत आला. अनवाणी तो पाऊल टाकत नाही. या खेपेला पोलिसांनी बूट सील केले, म्हणून मेला तो मेलेला राहिला. लोक खो खो हसले. तिच्या वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.
ओळख पटवायला बूट बाहेर काढले होते. टाचा एका बाजूनं झिजलेल्या. लाख लावायला घेतली तर काडेपेटी सादळलेली, त्यात जेवणाची सुट्टी झाली. पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, येऊन लावू. ती बाई मात्र ओरडत राहिली, आधी लाख लावा, आधी लाख लावा. पोलिसांनी ओढतच नेलं तिला. जेवून आले आणि गुंडाळलेलं गाठोडं आत न बघताच शिवलं. ‘सर्वांसमक्ष सील केले’ असं लिहून सही ठोकली.

१२ तारीख, बुधवार
गाठोडं उचललं तर हलकं. दाबून पाहिलं, आत नुसतं कापड. सील माझंच, जसंच्या तसं. कुणाला सांगणार? सांगितलं तर नोकरी गेली, किल्ली गेली, पुन्हा वहिनीच्या दारात. गाठोडं परत फळीवर ठेवलं.
संध्याकाळी जिन्यात बूट करकरत होते. शेजारी असेल कुणी.

१४ तारीख, शुक्रवार
घरी आले तर दाराबाहेर ते बूट. जोडीनं, नीट ठेवलेले. आणि दाराला आतून कडी! माझ्या दाराला! किती वेळ ढकलत होते कोण जाणे. मग उघडलं आपोआप. आत कुणी नाही. ताट खरकटं. बूट आठवले, वळले, तर बूट गेलेले —

१७ तारीख, सोमवार
निकाल लागला. जन्मठेप. ती रडली नाही. उलट सुटल्यासारखी दिसली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, कोठडीला कुलूप बाहेरून असतं, तिथं त्याला येता येत नाही. बूट तुमच्या सहीचे, आता घरही तुमचंच धरेल तो. मग म्हणाली, ताई, लाख लावायची होती हो. तिला माझी कीव येत होती. लाख, मोहोर पर्समध्ये घालून आणलीय.

१९ तारीख
जेवायला बसतो. चेहऱ्याचं लिहवत नाही. बूट पायांतून काढत नाही आता. भाजीत मीठ कमी म्हणाला. ताट भिंतीवर. किल्ली त्याच्या खिशात —

२० तारीख
वहिनीला फोन केला. मला ने म्हटलं. ती म्हणाली, मागे पुरुषाचा आवाज कुणाचा? म्हणजे हेच धंदे करायला — आणि ठेवला. तो हसला.

तारीख माहीत नाही
मारलं. तव्यानं. एकदाच. पडलाय. लिहून ठेवते, कुणी विचारलंच तर. हसतील. मीही हसले होते.
लाख आहे, कापड आहे, काडेपेटी कोरडी. बूट काढायचे आणि लगेच, लगेच —
डावा निघाला. देवा, निघाला!
उजव्याच्या नाडीला गाठ. सुटेना. नखं तुटली, तरी —
पाय हलला. नाही. हलला.
उजवा —