कासव खाईना

आप्पा, मागच्या महिन्यात मी माझ्या नवऱ्याचं मनगट मोडलं. खलबत्त्यातल्या लोखंडी बत्त्यानं. तुम्ही असता तर आधी मला दोन ठेवून दिल्या असत्या, मग कारण विचारलं असतं, किंवा विचारलंही नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता आठवून बघावा लागतो. हात मात्र आपोआप आठवतात.

दिवाळीनंतर मी पोरीला घेऊन त्याचं घर सोडलं आणि सिडकोत एक खोली घेतली. पोरीनं सोबत एकच वस्तू आणली, बुटाच्या खोक्यात कासवाचं पिल्लू. काडेपेटीएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघा. नवऱ्यानंच तिला शहागंजातून कुणाकडून तरी आणून दिलं होतं, मला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मारलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरात काहीतरी नवीन यायचं. नव्या खोलीत पिल्लानं खाणंच सोडलं. काकडी ठेवली, कोथिंबीर ठेवली, टोमॅटो चिरून तोंडाला लावला; ते मान आत ओढून घ्यायचं. पोर जमिनीवर पालथी पडून तासन्‌तास त्याच्याकडं बघत राहायची. शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, "घर बदललं की घाबरतात ही. कोमट पाण्यात बसवा, कोवळं ऊन द्या, लपायला एखादं खापर ठेवा. जास्वंदीचं पान, घोळीची भाजी द्या आणि बाजूला व्हा. समोर बसून टक लावून बघू नका. अन् ताई, हे पाळायला बंदी आहे. खायला लागलं की वनखात्याकडं देऊन टाका." घरी आल्यावर पोर म्हणाली, "मम्मी, म्हंजे ते जेवलं की जाणार?"

समोर बसून बघू नका, हे ऐकलं आणि वाळूजची आपली खोली डोळ्यांपुढं आली. फुलंब्रीहून आपण नुकतेच आलो होतो, मला तिथं काही खावंसंच वाटायचं नाही. तुम्ही शिफ्टवरून आलात, माझ्यासमोर मांडी घालून बसलात. मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसलेली. "गिळ," तुम्ही म्हणता. माझा घास खाली उतरत नाही. मग तुमचा अंगठा माझ्या जबड्यात शिरतो, भाकरी आणि पिठलं आत कोंबलं जातं, पुढचा दात निखळतो, पिठल्यात रक्त उतरतं. "अवो, लेकरू हाय ते, सोडा," म्हणत आई हात मध्ये घालते आणि तुम्ही तिचा तोच हात तापल्या तव्यावर दाबून धरता. त्या वासाला मी आजही नाव देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बिस्किटाचा पुडा आणलात. मी तो सगळा खाल्ला, तुमच्याकडं बघत.

नवरा आला तो भरदुपारी. पोरीला न्यायला आलो म्हणाला. खापराखाली कासव आणि पुढं तशीच पडलेली पानं दिसली, तसं त्यानं ते उचललं. "उपाशी मारायलीस का याला? उद्या पोरीलाबी मारशील." चमच्याचा दांडा त्याच्या चोचीत घालून तो तोंड उघडायला लागला. एवढंसं जनावर, पण फुसफुसलं, चारी पाय हवेत मारत राहिलं. चोचीच्या कडेला रक्त आलं. पोर त्याच्या हाताला लोंबकळली, "पप्पा, नका ना, लागतंय त्याला!" त्यानं मोकळ्या हातानं तिच्या गालावर अशी चपराक दिली की ती दारावर जाऊन आपटली. पुढचं मी ठरवून केलं नाही. बत्ता ओट्यावर होता. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा त्याच्या खांद्यावर. तो जमिनीवर बसून ओरडत होता, "पोलिसात जातो मी!" मी म्हटलं, "थांब, मीच येते संगं." ठाण्यातला हवालदार म्हणाला, बाईमाणसानं इतकं मारावं का. मग त्यानं पोरीच्या गालावर उमटलेली बोटं बघितली आणि कागद पुढं ओढला. आता दोघांच्याही तक्रारी आहेत. तारखा पडतील, मी जाईन.

पिल्लाची चोच जराशी तुटलीच. डॉक्टरनं औषध दिलं. मग पोर रोज सकाळी गच्चीवर त्याच्यापुढं जास्वंदीची पानं ठेवायची आणि पाठ करून बसायची. एके दिवशी मी तिथंच कपडे वाळत घालत असताना तिनं मला हळूच खुणावलं. "बघू नको, मम्मी. खातंय." वाळका पाला तुटावा तसा बारीक आवाज येत होता. ती रडत होती, पण तिनं मान वळवली नाही.

परवा आम्ही ते वनखात्याच्या माणसाकडं दिलं. संध्याकाळी मी तिच्यापुढं ताट ठेवलं. "नको," ती म्हणाली. पुन्हा म्हटलं, तर ताट ढकललं, वरण फरशीवर सांडलं. आप्पा, माझा हात तिच्या जबड्याकडं निघाला होता. अंगठा आधी. मी उठले, गच्चीवर गेले आणि कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं आत आले तेव्हा तिनं अर्धी भाकरी खाल्ली होती आणि फरशी पुसत होती.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. माझा हात कुठं निघाला होता, हे पोरीला माहीत नाही. तिला वाटतं, मी वाळलेले कपडे काढायला गेले होते.