पाचव्या दिवशी आलेली तार

जाफराबाद,
गुरुवार, ४ मार्च १९७१

तीर्थरूप हनोकमामा यांना भाचा शिमोन याचा शालोम. (साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, इकडे सगळे तसंच लिहितात, पण माणसापुढे घातलेलं लोटांगण तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसता हात जोडून उभा आहे असं समजावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मशिदीच्या (इकडच्यांना मी सिनेगॉग म्हणून सांगतो) पायऱ्या चढताना धरतो का? मामींना खोकल्यावर आल्याचा काढा घ्यायला सांगा, असा आईचा निरोप आहे. आम्ही सगळे खुशाल. बाळ-बाळंतीण ठणठणीत. परवा मंगळवारी, बरोबर आठव्या दिवशी, सुन्नत झाली आणि मुलाचं नाव रफाएल ठेवलं. हे सगळं तुमच्या तारेमुळे निभावलं, म्हणून पहिल्यांदा तुमचे मनापासून आभार. "कसले आभार?" म्हणून तुम्ही चष्मा पुसाल. खुशाल पुसा, पण पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आईला एक ओळही लिहू नका.

तुम्हाला ठाऊकच आहे की सरकारने मला देवीची लस टोचायला इकडे धाडलं आहे. (अख्ख्या तालुक्यात आपल्या बेने इस्राएलांचं घर एकच. आम्ही शनिवारी चूल पेटवत नाही म्हटल्यावर पहिले दोन महिने शेजाऱ्यांना वाटायचं की आमच्याकडे सरपण संपलंय.) तर ज्या मंगळवारी बाळ जन्मलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन कोसांवरच्या एका गावात देवीचा रोगी सापडला. डॉक्टरसाहेबांचा हुकूम आला, रविवारच्या आत जाफराबादेत एकही दंड कोरा राहता कामा नये, तान्हं मूलसुद्धा सोडायचं नाही. मी पेटी उचलून पहिल्यांदा वस्तीत गेलो, तर वाटेत चांगुणाबाई पदर खोचून उभी. ही चांगुणाबाई वस्तीतली सुईण, आणि आमचं बाळ तिनेच काढलेलं. तिच्यापासून आमच्या घरातलं काय लपून राहणार? ती सरळ म्हणाली, "साहेब, तुमचं लेकरू म्या ह्या हातानं काढलं. त्याला टोचलं का? पहिलं त्याला टोचा, मंग आमचे दंड घ्या." बायका तिच्यामागे उभ्या होत्या. मागच्या साली कुणाकुणाचे दंड महिनाभर चिघळले होते, त्यांची भीती काही खोटी नव्हती. मी पेटी घेऊन आल्या पावली परत आलो.

घरी आई. ती बाळंतपणाला म्हणून आली आणि दाराशी खाट टाकून बसली. तिचं म्हणणं असं, की परमेश्वराने अब्राहामाला अंगावर एकच खूण सांगितली. ती आठव्या दिवशी व्हायची, त्याच्या आधी लेकराच्या रक्ताचा थेंब दुसऱ्या कुणासाठी सांडायचा नाही, मग तो कलेक्टर का असेना. शिवाय अंगावर जखमा करू नका असं शास्त्रात लिहिलंय. शिवाय लसीने ताप आला की सुन्नत पुढे ढकलावी लागेल आणि सुन्नत करायला मुंबईहून येणारे मोहेल जालन्याच्या स्टेशनावरूनच माघारी जातील. मी म्हटलं, मी रोज शंभर लेकरांना टोचतो, माझ्याच पोराला उघडं ठेवू? त्यावर तिने हुकमाचं पान टाकलं, "हनोक असता तर त्यानं हेच सांगितलं असतं." आता मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या हज्जान भावापुढे माझं काय चालणार? मंगळवारी तुम्हाला जन्माची तार केलीच होती; गुरुवारी सगळी हकीकत पत्रात लिहून तुमचा निर्णय मागितला. माझी बायको मिलका तेवढ्यात बाळाला पदराखाली घेऊन माझ्याकडे बघत होती. तिचं बघणं मला दिवसभर पुरलं. पलीकडच्या गावातला रोगी दगावल्याची बातमी शुक्रवारी आली.

शनिवारी सकाळी तुमची तार आली. पाकीट बंद! शब्बाथला पाकीट फाडायचं नाही, म्हणून आईने ते प्रार्थनेच्या पुस्तकावर ठेवलं आणि सूर्य मावळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणाली. दुसऱ्या कुणाला फाडायला सांगणंही चालत नाही. तारवाल्याने मात्र वाटेत सगळीकडे सांगून ठेवलं होतं, साहेबांच्या काजीची तार आली. पाच मिनिटांत आमचे घरमालक गिरधारीलालजी ओसरीवर, वस्तीतले तीसचाळीस लोक अंगणात, आणि आम्ही चौघं त्या पाकिटाकडे बघत बसलेलो.

अखेर चांगुणाबाई आत आली. तिने आईकडे पाहिलं, आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. चांगुणाबाईने पाकीट उचललं आणि टर्रकन फाडलं. "मला कुणी सांगितलं न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्या माझ्या मनानं फाडून राह्यले." तिला अक्षरओळख नाही, म्हणून तिने तार आपल्या जावयाच्या, म्हणजे तातेराव मास्तरांच्या हाती दिली. मास्तर घसा साफ करून वाचू लागले: जीव वाचवणं हा पहिला धर्म, त्यापुढे शब्बाथही मागे सरतो, लेकराला आजच टोचावं, आठव्या दिवसाला बाधा येत नाही, हे काम बहुजनांच्या हिताचं आहे. मामा, काय भाषा! आई उठली, मिलकाच्या मांडीवरून बाळ घेतलं, त्याचा दंड उघडा करून माझ्यापुढे धरला आणि डोळे मिटून शेमाची प्रार्थना म्हणू लागली. नोकरीत पहिल्यांदाच माझ्या हातून सुई खाली पडली. दुसरी घेतली. बाळ रडलं तशी चांगुणाबाईने बाही वर केली. दिवस मावळेपर्यंत मी एकशे सदतीस दंड टोचले. मंगळवारी बाळाला ताप नव्हता, मोहेल आले, गिरधारीलालजींनी माडी दिली (मांस शिजवायचं नाही या अटीवर, म्हणून सगळ्यांना मलिदाच पोटभर वाढला). गावात आजवर एकही रोगी नाही. कुणाकुणाचे उपकार मानू, मला कळत नाही.

तुमचा भाचा,
शिमोन झिराडकर

ता. क. मामा, तुमच्या तारेत "नव्या बाळाबद्दल हार्दिक अभिनंदन" एवढंच होतं. मी मास्तरांच्या खांद्यावरून पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. शब्बाथबद्दल आम्ही कधीतरी चहा पिता पिता बोललो होतो, तेवढ्यावर त्यांनी मनानेच ते सगळं वाचून दाखवलं. हे पाप माझं, त्यांचं नाही. आईने ती तार प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवली आहे. ती पेणला आली की तुम्हाला दाखवील, तेव्हा कृपा करून "हो, माझीच" म्हणा.

आणखी एक. वरचं सगळं आज सकाळी पाकिटात घालत होतो, तर आईने विचारलं, गुरुवारी टाकलेलं पत्र शनिवारी पेणला पोचतं का रे? मी पाकीट खाली ठेवलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. मला लसीला नाही म्हणायचंच नव्हतं, हो म्हणायचा धीर होत नव्हता." मग तिने मला रिबकामावशीचं सांगितलं. तुमच्या दोघांच्या पाठची ती चार वर्षांची बहीण देवीने गेली, एवढंच मला माहीत होतं. लस टोचणारा दारात आला होता, आणि आज शनिवार म्हणून आजोबांनी त्याला परत पाठवलं, हे मला आज कळलं. आईचा निरोप असा, की मास्तरांनी जे वाचलं ते तुम्ही येत्या शब्बाथला मशिदीत उभं राहून सगळ्यांना सांगा. आजोबांना ते सांगणारं कुणी नव्हतं.